गव्हाच्या कोठीआड अडकलेला पंच : एका टेकन खेळाडूचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव यावल तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याकडचं. घर केळीवाल्याचं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पोराला इथे छोटू म्हणू, घरात धाकटा आहे म्हणून. वय एकोणीस, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी कॉलेज, दुपारी मळ्यात ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायचे आणि रात्री नऊनंतर टेकन ८ हा व्हिडिओ गेम. माझं तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचा पीसी मीच जोडून दिलेला, म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात आलं. त्यात एक चूक माझीही आहे, ती पुढे येईलच.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेकन म्हणजे दोघांची समोरासमोर मारामारी. साठ सेकंदांचा राउंड, तीन राउंड जिंकले की गेम. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात आणि खेळणाऱ्यांची सगळी भाषा फ्रेममध्ये चालते. सगळ्यात चपळ जॅब, म्हणजे झटपट ठोसा, १० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात तो लागतो. मार अडवल्यावर समोरचा किती फ्रेम अडकून पडतो हे पाठ असलेला पोरगा त्याला तिथल्या तिथे परत मारतो. त्याला पनिश म्हणतात. कॉलेजचं केमिस्ट्री पाठ नसेल, पण हे आकडे पोरांना झोपेत विचारा.

छोटूचा गडी ब्रायन. त्याचा आवडता डाव स्नेक एज, म्हणजे पायावर मारायची एक सावकाश लाथ. ती लागायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो, त्यामुळे सावध माणूस बघून खाली बसतो आणि अडवतो. अडवली, तर ब्रायनला तो उचलून हवेत फेकतो. म्हणजे डाव जुगारी. तरी छोटू त्याच्या जिवावर गॅर्यू या रँकपर्यंत गेला होता. हे का जमलं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

जळगाव, भुसावळ, धुळे, शहाद्याकडची वीसेक पोरं मिळून शनिवारी रात्री ऑनलाइन सामने लावायची. बक्षीस काही नाही. फार तर हरलेल्याने कधी भेटला तर शेवभाजी खिलवायची.

अडचण

२०२४ चा मे महिना. अर्ध्या महिन्यानंतर समोरची पोरं म्हणायला लागली, तुझ्याशी खेळताना माणूस एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो. छोटूलाही ते दिसत होतं, पण त्याला वाटलं समोरच्याचंच नेट खराब असेल. असं सगळ्यांनाच वाटतं.

मग धुळ्याच्या एका पोराशी सामना. शेवटचा राउंड, छोटूच्या जिवाची पट्टी बोटभर उरलेली, आणि कनेक्शन तुटलं. पुढच्या शनिवारी दुसऱ्याशी, पुन्हा हरता हरता, पुन्हा तेच. ऑनलाइन टेकनमध्ये हरायच्या आधी वायर ओढणाऱ्याला प्लगर म्हणतात, आणि चिडक्या खेळाडूपेक्षाही प्लगरला मान कमी. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "ओढली का रे वायर?" तिसऱ्या शनिवारी सामन्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. कुणी काढलं, का काढलं, काही नाही. नुसतं नव्हतं.

छोटूने पुरावा म्हणून स्पीड टेस्टचा फोटो टाकला. ९४ एमबीपीएस. त्यावर चार हसणारे चेहरे आले. हा पहिला निर्णय चुकला असं मी म्हणेन, कारण तो पुरावा खरा होता पण प्रश्नाचा नव्हता. बटणांची माहिती पाठवायला व्हिडिओ कॉलइतकंही नेट लागत नाही. नेट किती येतं याला इथे महत्त्व नाही, ते एकसारखं येतं का याला आहे. कॅनॉलला पाणी भरपूर, पण तुमच्या बारीला पाच मिनिटं सुटलं आणि दहा मिनिटं बंद, असं झालं तर वाफा कसा भिजेल?

माझी चूक

त्याच्या वडिलांचा फोन आला. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. "पोरगं जेवत नाही नीट, नेट अडकते म्हणतो, काय करू?" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी काही न बघता सांगून टाकलं, मोठा प्लॅन घ्या. भाऊंनी १०० एमबीपीएसचा प्लॅन सोडून २०० चा घेतला, सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले. काहीही फरक पडला नाही. पडणारच नव्हता, आणि हे मला माहीत असायला हवं होतं. मग भाऊ पोरावरच चिडले. मी गेलो तो त्या पैशांच्या शरमेने गेलो, हे सांगायला हरकत नाही.

काय तपासलं

रविवारी सकाळी गेलो. ऊन ४४ च्या पुढे असेल. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जुनं घर, मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड, म्हणून आत गार. राउटर ओसरीत खुंटीला टांगलेला, कारण केबलवाल्याची वायर तिथपर्यंतच आली. मधल्या खोलीत धान्य, त्यापलीकडच्या खोलीत छोटूचा पीसी. नेट वायफायवर.

मी पीसीवर काळी खिडकी उघडून घरच्याच राउटरला पिंग लावलं, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. इंटरनेटला नाही, मुंबईला नाही, त्याच घरातल्या तीस फुटांवरच्या डब्याला. आकडे असे आले: ३, २, २, ४, १८७, ३, २, २४०, २, मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट", मग पुन्हा ३. हे मिलिसेकंद. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद, तेव्हा १८७ म्हणजे अकरा फ्रेम. एका उचकीत अख्खा जॅब निघून जातो. सगळ्यांची सरासरी काढली तर आकडा फार वाईट दिसत नाही. स्पीड टेस्टला हेच दिसत नाही, उचक्या त्यात विरघळून जातात.

आता हे चित्रात उडीसारखं का दिसतं? आजचे बहुतेक फायटिंग गेम रोलबॅक पद्धतीने चालतात. टोनी कॅनन या अमेरिकन प्रोग्रामरने जीजीपीओ नावाने ही पद्धत लोकांसमोर आणली, आणि २०१९ मध्ये तिचा कोड सगळ्यांना खुला केला. समोरच्याचं बटण पोचलं नाही तरी गेम थांबत नाही. त्याने मघाचंच बटण धरून ठेवलं असेल असं समजून पुढे जातो. खरं बटण पोचल्यावर अंदाज चुकलेला निघाला, तर मागे जाऊन तेवढे फ्रेम नव्याने काढतो. दोन-तीन फ्रेमची दुरुस्ती डोळ्यांना कळत नाही. अकरा फ्रेमची झाली की समोरच्याला दिसतं, की आत्ता इथे उभा असलेला ब्रायन तिथे पोचला आणि त्याची लाथ अर्धी आलीसुद्धा.

दोष घरातलाच, हे ठरलं. पण मेमध्येच का? राउटर तोच, भिंती आजोबांच्या काळातल्या. मी मधल्या खोलीत जाऊन उभा राहिलो. ओसरीच्या भिंतीला लागून पत्र्याच्या दोन कोठ्या, छातीपर्यंत उंच.

"या इथेच असतात का?"

छोटूची आजी म्हणाली, "नाही, त्या कोपऱ्यात राहत. आता गहू आन दादर भरली ना वर्साची, तवा इकडं सरकवल्या. तिकडं ओल येते."

दादर म्हणजे इकडची ज्वारी. पत्र्यातून वायफाय जात नाही. पत्र्याला आपटून परततं. कोठ्या आल्या तेव्हापासून सिग्नल दारातून वळसा घेऊन, भिंतींवर आपटत पोचत होता. धान्य कधी भरलं विचारलं, तर मेचा दुसरा आठवडा. छोटू माझ्याकडे बघत राहिला. महिनाभर ज्या नेटला तो शिव्या घालत होता, त्याच्या वाटेत त्याच्याच घरचा वर्षाचा गहू उभा होता.

कनेक्शन तुटण्याचं कारण वेगळं निघालं. पीसी इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टर मी यूपीएस मोडवर ठेवून दिलेला. लाइट गेली तरी पीसी बंद पडत नाही. पण ओसरीतला बोर्ड जुना, तो इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हताच. लाइट गेली की राउटर मरायचा, आणि आत बसलेल्या छोटूला पंखा चालू, पीसी चालू, त्यामुळे लाइट गेली हेच कळायचं नाही. मे संपता संपता वादळं सुरू होतात, केळीच्या बागा आडव्या होतात, तारा एकमेकींना लागतात. दोन्ही शनिवारी रात्री लाइट गेली होती, हे आजीला आठवत होतं. तिची मालिका बुडाली होती.

कोणते मार्ग होते

सगळ्यात सोपं, कोठ्या परत कोपऱ्यात. आजीने एका वाक्यात निकाल दिला, "धान्याले ओल लागली त खाशीन काय, तुहा गेम?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

पीसी ओसरीत आणायचा, हा माझ्या मते तांत्रिकदृष्ट्या उत्तम मार्ग. पण ओसरीत दिवसभर माणसांची ये-जा, धूळ, आणि रात्री भाऊ तिथेच झोपतात. रात्री अकराला तिथे बटणं बडवायची म्हणजे घर सोडायची तयारी हवी.

मधे वायफाय वाढवणारा डबा बसवायचा, ही केबलवाल्याची सूचना. त्याने सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसल्या असत्या, पण असा साधा डबा प्रत्येक गोष्ट एकदा ऐकतो आणि एकदा परत बोलतो. उचक्या कमी होतील याची खात्री नाही. ५ गिगाहर्ट्झचा राउटर घेतला असता तर त्या जाड भिंतींपुढे तो आणखी लवकर दमला असता.

राहिली लॅन केबल. ओसरीतून पीसीपर्यंत, वाकणं धरून चाळीसेक मीटर. तांब्याची ही केबल शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. इथे अडले भाऊ. "धाब्याले भोक पाडू नको भो. पावसायात गयतं मंग." धाब्याच्या घरात राहिलेल्या माणसाला ही भीती काय असते ते ठाऊक आहे. तेव्हा भिंतीतून नाही आणि वरूनही नाही. दाराच्या चौकटीच्या कडेने, जमिनीलगत, कोठ्यांच्या मागून, असं ठरलं.

छोटूने आणखी एक मार्ग सुचवला होता, ग्रुप सोडून द्यायचा. मी त्यावर काहीच बोललो नाही. माझं वय पंचेचाळीस, मला त्या ग्रुपची किंमत काय कळणार!

काय केलं

पंचेचाळीस मीटर कॅट ६ केबल, दोन टोकांना कनेक्टर, चौकटीला खिळ्यांच्या क्लिपा. राउटरसाठी छोटा बॅटरीचा डबा, ज्याला दुकानात राउटर यूपीएस म्हणतात. सगळं मिळून खर्च वाढवलेल्या प्लॅनच्या निम्म्याहून कमी. केबल ओढायला छोटूच कोठ्यांमागे शिरला, आणि निघाला तो डोक्यापासून पायापर्यंत दादरीच्या भुशात. पुन्हा पिंग लावलं. "१ मिलिसेकंदापेक्षा कमी", ओळीमागून ओळ, दहा मिनिटं. छोटू खुर्चीवर न बसता ते आकडेच बघत उभा होता.

लाइटचा प्रश्न अर्धाच सुटला. गावात केबलवाल्याचा डबा एका पानटपरीत आहे आणि त्याला बॅटरी नाही. अख्ख्या गावाची लाइट गेली, तर आपला राउटर जागा राहून उपयोग काय? केबलवाल्याला दोनदा सांगितलं, तो दोनदा हो म्हणाला.

मग ग्रुपचं काय? छोटूला मोठा खुलासा लिहायचा होता, आकड्यांसकट. मी म्हटलं, लिही, पण आधी धुळ्याच्या पोराला फोन कर. त्याला ते जड गेलं, चार दिवस लागले. फोनवर त्याने एवढंच सांगितलं, की वायर ओढली नव्हती, लाइट गेली होती, आणि वायफाय होतं हे माझंच चुकलं. तो पोरगा म्हणाला, लाइट आमच्याकडेही जाते रे, मग तेव्हाच सांगायचं ना. त्यातून ग्रुपचा नियम निघाला: लाइट गेली तर पाच मिनिटांत मोबाइलच्या नेटवरून ग्रुपवर कळवायचं, सामना पुन्हा होईल. न कळवणारा हरला.

काय झालं

लोकांना वाटेल आता छोटू जिंकायला लागला असेल. तो सलग हरायला लागला.

जुलै उजाडेपर्यंत गॅर्यू गेलं, त्याच्या खालचंही गेलं. मला रात्री साडेअकराला फोन, "काका, केबलमधे काही लफडं आहे." केबलमध्ये काहीच नव्हतं. नेट खराब असताना त्याची स्नेक एज समोरच्याला उशिरा दिसायची, अडवायला वेळच उरायचा नाही. रँकच्या त्या पायऱ्या त्याने उचक्यांच्या जोरावर चढल्या होत्या, मुद्दाम नाही, पण चढल्या होत्या. आता ती लाथ सगळ्यांना स्वच्छ दिसत होती. लोक खाली बसत, अडवत, आणि त्याला हवेत फेकत. वर त्याचे स्वतःचे पनिशही चुकत होते, कारण बोटांना उशिराच्या ठेक्याची सवय झाली होती. म्हणजे ग्रुपने ठेवलेला आरोप खोटा होता, पण त्यांची तक्रार अगदीच बिनबुडाची नव्हती. हे त्याला सांगावं का, यावर मी दोन दिवस विचार केला. सांगितलं. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

पुढे त्याने स्वतःच तोड काढली. टेकन ८ मध्ये आपला जुना सामना परत लावून मधेच खेळ हातात घेता येतो, आणि इथे पनिश चुकला अशी सूचनाही तो गेम देतो. रोज वीस मिनिटं तेच. दुसरं म्हणजे भुसावळला जाणं. त्या ग्रुपमध्ये लाहोरच्या अर्सलान अ‍ॅश या टेकन खेळाडूला देवासारखं मानतात. २०१९ मध्ये त्याने आधी एव्हो जपान आणि मग लास वेगासची एव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धा जिंकल्या, तोवर बाहेर त्याला फार कुणी ओळखत नव्हतं. लाहोरची पोरं एकाच खोलीत शेजारी बसून खेळत तयार झाली, हे या पोरांना तोंडपाठ. मग ऑगस्टच्या एका रविवारी भुसावळला एकाच्या घरी सहा जण जमले. एक पीसी, दोन पॅड.

धुळ्याच्या पोराने छोटूला तीन गेम सलग हरवलं. शेजारी बसून, ना नेट, ना वायफाय. छोटू सांगत होता, तिसऱ्या गेममध्ये त्याने एकदाही स्नेक एज मारली नाही आणि तोच गेम सगळ्यात जवळचा झाला. शेवभाजी छोटूने खिलवली. परतीच्या एसटीत बसल्यावर त्याने मला मेसेज केला, त्यात फक्त आकडा होता: ३-०. कुणाच्या बाजूने, ते लिहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर तो पुन्हा गॅर्यूला पोचला. सामना ठरण्याआधी समोरच्याला वायफायची खूण दिसायची, तेव्हा निम्मे लोक नकार द्यायचे. केबल आल्यावर ती खूण गेली आणि सामने पटापट मिळायला लागले. भाऊंनी सहा महिने संपल्यावर प्लॅन परत १०० चा केला.

पुन्हा करायचं झालं तर

मी फोनवर सल्ला देणार नाही. दहा मिनिटांचं काम होतं: घरच्या राउटरला पिंग लाव आणि आकड्यांचा फोटो पाठव, एवढंच सांगायला हवं होतं. प्लॅनचे पैसे वाचले असते, आणि पोराने ऐकून घेतलेलं बोलणंही.

ग्रुपनेही नाव काढण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता, वायफाय आहे का वायर? तेव्हा कुणीच विचारला नाही. आता नव्या पोराला घेताना पहिला तोच विचारतात.

"तू जिंकत होतास त्यात नेटचा वाटा होता" हे मी केबल टाकायच्या दिवशीच सांगायला हवं होतं. तो हरायला लागल्यावर सांगितलं, तेव्हा ते डिवचल्यासारखं झालं. आधी सांगितलं असतं तर जूनभर त्याने केबलवर संशय घेतला नसता. अर्थात तेव्हा मला स्वतःलाच ते पुरतं उमगलं नव्हतं.

आणि केबल पाइपात घालायला हवी होती. कोठ्यांमागे धान्य, धान्यामागे उंदीर, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. गेल्या आठवड्यात छोटूने फोटो पाठवला. केबलच्या निळ्या सालीवर, चौकटीपासून हातभर अंतरावर, दातांच्या चार खुणा. आतली तार अजून शाबूत आहे. येत्या रविवारी पाइप घेऊन जायचं आहे.